तारामतीपासून जोधाबाईपर्यंत : दुर्गाबाई खोटे यांची वाटचाल

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मी एखाद्या संताची, समाजसुधारकाची किंवा शिक्षणमहर्षीची निवड करीन, अशी सर्वांची अपेक्षा असावी. मी मात्र एका अभिनेत्रीची निवड केली आहे, आणि त्याला एक कारण आहे.

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की दरवर्षी एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. नाटकातील पात्रांची यादी फलकावर लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक-दोन पालक माझ्या खोलीबाहेर उभे असतात. मुलीला राणीची भूमिका न मिळता आईची किंवा दासीची का मिळाली, हा त्यांचा प्रश्न असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक विद्यार्थिनी स्वतःच माझ्याकडे आली होती. तिला नाटकात म्हातारीचे काम दिले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी घाईत होते. कोणीतरी ते काम करायलाच हवे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून मी तिला वर्गात परत पाठविले. तिने ते काम केले, पण मान खाली घालून केले. पुढे शाळा सोडीपर्यंत ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. त्या दिवशी मी तिला दुर्गाबाई खोटे यांची गोष्ट सांगायला हवी होती. ती आज, उशिराने का होईना, सांगते आहे.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याकडचे. वडील पांडुरंग लाड हे मुंबईतील सॉलिसिटर होते. घर सुशिक्षित व सुस्थितीतील. मुलींनी अक्षरओळखीपुरते शिकावे असा तो काळ असताना दुर्गाबाईंचे शिक्षण कॅथेड्रल हायस्कूलसारख्या इंग्रजी शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. ते बनारस हिंदू विश्वविद्यालयातून अभियंता झालेले होते. सासरही सधन होते. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. त्या काळातील एखाद्या सुखवस्तू गृहिणीचे आयुष्य जसे जाते, तसे त्यांचेही गेले असते.

पण खोटे घराण्याची सांपत्तिक स्थिती एकाएकी ढासळली. पाहता पाहता वैभव ओसरले आणि पदरी दोन लहान मुले असलेल्या, वयाची पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणीपुढे चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी जी वाट धरली, ती आजच्या वाचकाला साधी वाटेल. त्या काळी मात्र ती वाट घराण्याच्या अब्रूवरून जाणारी होती.

याचे गांभीर्य समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या पुरुष नटाने लुगडे नेसून तारामती उभी केली. रंगभूमीवरही हीच रीत होती. बालगंधर्वांसारख्या नटांनी स्त्रीभूमिकांना अलौकिक प्रतिष्ठा मिळवून दिली, पण प्रत्यक्ष स्त्रीला त्या रंगमंचावर प्रतिष्ठेचे स्थान नव्हते. पांढरपेशा घरातील, महाविद्यालयात शिकलेली सून चेहऱ्याला रंग लावते, ही कल्पनाच समाजाला असह्य होती.

1931 साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात दुर्गाबाईंनी एक छोटेसे काम केले. निवड दुर्दैवी ठरली. चित्रपट सवंग होता आणि त्यावर सडकून टीका झाली. जेमतेम काही मिनिटांच्या त्या कामाने सासर-माहेर दोन्हीकडे बोभाटा झाला. मुंबईतील मराठी वस्तीत त्यांना मान वर करून चालणे कठीण झाले. पहिल्याच पावलाला अशी ठेच लागल्यावर बहुतेक माणसे मागे फिरतात. दुर्गाबाईंना मागे फिरण्याची सोय नव्हती. दोन मुलांचे शिक्षण व्हायचे होते.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम आपला पहिला बोलपट तयार करीत होते. मराठीतील पहिला बोलपट म्हणून ज्याचा आज उल्लेख होतो, तो 'अयोध्येचा राजा' हाच. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. गोविंदराव टेंबे हे हरिश्चंद्र झाले आणि तारामतीसाठी शांतारामबापूंनी दुर्गाबाईंना निवडले. 1932 साली हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत प्रदर्शित झाला. पार्श्वगायनाची सोय तेव्हा झालेली नव्हती, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर उभे राहून अभिनय आणि गायन एकाच वेळी करावे लागे. दुर्गाबाईंनी तेही केले. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी मराठी प्रेक्षकांनी पडद्यावर एक सुशिक्षित, घरंदाज स्त्री तारामती म्हणून पाहिली. ज्या समाजाने वर्षभरापूर्वी नाके मुरडली होती, त्यानेच आता चित्रपटगृहांपुढे रांगा लावल्या.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत दुर्गाबाई नायिका म्हणून देशभर पोहोचल्या. 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये त्या मीरा झाल्या. 1934 साली देवकी बोस यांच्या 'सीता' या चित्रपटात त्यांनी सीता साकारली. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला आणि त्याला सन्मानपत्र मिळाले. त्यात श्रीरामाच्या भूमिकेत होते पृथ्वीराज कपूर. पंजाबच्या मातीत जन्मलेला हा राम आणि मुंबईची ही मराठी सीता यांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती. 1936 साली प्रभातच्या 'अमरज्योती'मध्ये शांतारामबापूंनी त्यांना सौदामिनीची भूमिका दिली. आपल्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे ही स्त्री पेटून उठते आणि समुद्रावर चाचेगिरी करते. मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या दुर्गाबाईंना ती भूमिका दुरून पाहावी लागली नसेल, असे मला नेहमी वाटते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. त्या काळी कलावंत एखाद्या कंपनीत मासिक पगारावर नोकरीस असत. कंपनी सांगेल ते काम, कंपनी देईल तो पगार. दुर्गाबाईंनी एका कंपनीशी बांधून घेतले नाही. त्यांनी प्रभातमध्ये काम केले, कलकत्त्याला काम केले आणि मुंबईतील इतर संस्थांतही केले. आपल्या श्रमाचे मोल आपण ठरवावे, ही दृष्टी त्यांना फार लवकर आली होती. 1937 च्या सुमारास 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितीतही त्या उतरल्या. स्त्रीने कॅमेऱ्यामागे उभे राहणे तेव्हा दुर्मिळ होते.

येथपर्यंतची कथा एका यशस्वी नायिकेची आहे. दुर्गाबाईंचे वेगळेपण यापुढे दिसते.

नायिकेचे पडद्यावरील आयुष्य फार थोडे असते. वय दिसू लागले की दिग्दर्शक नवे चेहरे शोधू लागतात. अनेक नामवंत नायिका या वळणावर घरी बसल्या, काही कडवट झाल्या. दुर्गाबाईंनी तिशीच्या मध्यावरच या वळणाकडे स्वतःहून पाऊल टाकले. 1941 साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणाऱ्या सासूचे काम पत्करले. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरतमिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी जी स्त्री सीता म्हणून पूजली गेली होती, तिने त्याच रामकथेत, रामाला वनवासाला धाडणाऱ्या कैकेयीचे लांच्छन अंगावर घेतले. प्रेक्षक आपल्याला नावे ठेवतील, आपली प्रतिमा डागाळेल, या भीतीने दुसऱ्या एखादीने नकार दिला असता. दुर्गाबाईंनी कैकेयीच्या मनातील आईला शोधले. बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला.

चित्रपटात नाव झाल्यावर रंगभूमीकडे पाठ फिरविणारे पुष्कळ असतात. दुर्गाबाई उलट दिशेने गेल्या. इप्टा या नाट्यसंघटनेशी त्यांचा संबंध होता आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी अनेक वर्षे कामे केली. बोलपटांच्या लाटेत मराठी रंगभूमी खचली होती. तिला पुन्हा उभे करण्याचा जो यत्न गिरगावात साहित्य संघाने आरंभिला, त्यात दुर्गाबाईंचा वाटा मोठा आहे. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट' नाटकात लेडी मॅकबेथच्या तोडीची भूमिका त्यांनी केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई तर जुन्या नाट्यरसिकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली.

आनंदीबाईचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगते. तिचा पती राघोबादादा 1758 साली मराठी फौजा घेऊन उत्तरेत आला आणि लाहोरला जाण्यापूर्वी त्याने सरहिंद जिंकले. ते सरहिंद आपल्या चंदीगडपासून तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्या शाळेची सहल तेथून जाते, तेव्हा मुलांना मी हे आवर्जून सांगते. हाच पराक्रमी राघोबा पुढे पुण्यात सत्तेच्या मोहात सापडला. नारायणराव पेशव्याच्या वधाची आणि 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका मराठी घरांत लहानपणापासून ऐकली जाते. अशा बदनाम स्त्रीला रंगमंचावर उभे करताना तिला नुसती खलनायिका न करणे, तिची महत्त्वाकांक्षा आणि तिचा पीळ दोन्ही प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे हे अवघड काम दुर्गाबाईंनी साधले. 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांच्या वैयक्तिक जीवनात सुख सलग असे कधी लाभले नाही. पतिनिधनानंतर मुलांचे सर्व काही त्यांनीच पाहिले. पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आरंभिला, त्यांतील हरीन हा मुलगा भर उमेदीच्या वयात गेला. त्याची पत्नी म्हणजे मराठी रंगभूमीवरील थोर दिग्दर्शिका विजयाबाई मेहता. हे दुःख पचवून दुर्गाबाई पुन्हा कामावर गेल्या. खोटे घराण्यात अभिनयाचा वसा पुढेही चालू राहिला. शुभा खोटे आणि 'शोले'तील कालिया म्हणून घरोघरी माहीत असलेले विजू खोटे ही त्यांच्या दिरांची मुले.

1960 साली के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला. चंदीगडमध्ये मी मराठी म्हणून ओळख करून दिली की शेजारच्या पंजाबी आजींना पुष्कळ मराठी नावे ठाऊक नसतात, पण जोधाबाई सर्वांना आठवते. अकबर होते पृथ्वीराज कपूर. 'सीता' चित्रपटातील राम आणि सीता सव्वीस वर्षांनी अकबर आणि जोधाबाई होऊन समोरासमोर आले. या चित्रपटाची चर्चा होते ती दिलीपकुमार, मधुबाला आणि पृथ्वीराज यांची. पण पुन्हा पाहाल तेव्हा जोधाबाईकडे लक्ष द्या. एका बाजूला पती, जो सम्राट आहे, आणि दुसऱ्या बाजूला बंड करून उठलेला एकुलता मुलगा. ती कोणाच्याही बाजूला गेली तरी हरणारच. बाकीची पात्रे गर्जना करीत असताना दुर्गाबाईंना पुष्कळदा केवळ ऐकत उभे राहायचे आहे. त्या ऐकण्यातच बापलेकांच्या संघर्षाची किंमत प्रेक्षकाला कळते. जोधाबाई नसती, तर तो सत्तेचा झगडा उरला असता. तिच्यामुळे ती एका घराची शोकांतिका झाली.

साहाय्यक भूमिका म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतरची दोन दशके हिंदी चित्रपटाने दुर्गाबाईंना आईच्या आणि आजीच्या रूपात पाहिले. 'अनुपमा', 'आनंद', 'अभिमान', 'नमक हराम', 'खुशबू' अशी नावे घेतली की त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर त्यांचा प्रसन्न, करारी चेहरा उभा राहतो. आई म्हणजे सतत रडणारी, पदराने डोळे टिपणारी बाई, हा साचा त्यांनी फारसा मानला नाही. त्यांच्या आयांना स्वतःचे मत असे, क्वचित विनोदही असे. जेम्स आयव्हरी यांच्या 1963 च्या 'द हाउसहोल्डर' या दिल्लीत घडणाऱ्या चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईचे काम केले. नायक होता शशी कपूर. 1973 साली राज कपूर यांच्या 'बॉबी'मध्ये त्या गोव्याच्या ख्रिस्ती आजी, मिसेस ब्रगांझा झाल्या. समोर होता ऋषी कपूर. पृथ्वीराज, त्यांचे पुत्र आणि त्यांचा नातू अशा तीन पिढ्यांबरोबर कधी पत्नी, कधी आई, तर कधी आजीसारखी माया लावणारी म्हणून उभी राहिलेली ही मराठी स्त्री. 1974 च्या 'बिदाई' या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. 1980 च्या 'कर्ज'मधील, मारल्या गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई ही त्यांच्या अखेरच्या मोठ्या भूमिकांपैकी एक. सुमारे पन्नास वर्षांत त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपटांत कामे केली.

अभिनयावर विसंबून न राहता त्यांनी अनुबोधपट, लघुपट आणि जाहिरातपट यांची निर्मिती करणारी स्वतःची संस्था काढली. तीच पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. दूरदर्शनचा काळ आला, तेव्हा दुर्गाबाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. तरीही या नव्या माध्यमाकडे त्यांनी परकेपणाने पाहिले नाही. 1988 साली त्यांच्याच संस्थेने 'वागले की दुनिया' ही मालिका आणली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. अंजन श्रीवास्तव यांचे श्री. वागले आणि भारती आचरेकर यांच्या सौ. वागले या मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी जोडप्याला देशभरातील घरांनी आपले मानले. चंदीगडच्या सेक्टरांमधल्या सरकारी घरांतही त्या वेळी मालिकेच्या वेळेला दारे लोटली जात आणि आमच्या पंजाबी शेजाऱ्यांना मराठी माणसाचे घर आतून कसे असते, हे प्रथमच दिसले. मूकपटांच्या अखेरीस आरंभलेला प्रवास घराघरांतील दूरचित्रवाणी संचापर्यंत येऊन पोहोचला होता.

1968 साली पद्मश्री आणि 1983 साली चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार एका तारामतीला मिळाला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील वाचनीय आत्मचरित्रांपैकी एक आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आता मराठी वाचणे अवघड जाते, त्यांनी निदान तो अनुवाद त्यांच्या हाती द्यावा. 22 सप्टेंबर 1991 रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त 2013 साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांच्या चित्राचे तिकीट आहे.

या साठ वर्षांत आपल्या शाळेतून शेकडो मुले बाहेर पडली. त्यांतील काहींची नावे फलकावर सोनेरी अक्षरांत आहेत, आणि ती असावीत. पण महाराष्ट्रापासून इतक्या दूर ही शाळा टिकली ती ज्यांनी फी भरण्यासाठी रांगेत उभे राहून दुसऱ्याचाही फॉर्म भरून दिला, संमेलनाचे पडदे शिवले, बदलीचा हुकूम हाती असतानाही परीक्षेपर्यंत मुलांना येथेच ठेवले, अशा माणसांमुळे. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. नाटकाच्या भाषेत त्यांची कामे साहाय्यक होती.

या वर्षीच्या संमेलनात पात्रांची यादी लावण्यापूर्वी मी सर्व वर्गांना एकत्र बसवून 'मुघल-ए-आझम'मधील बापलेकांच्या संघर्षाचा प्रसंग दाखविला आणि मुलांना एवढेच सांगितले की कोण बोलते आहे ते पाहू नका, कोण ऐकते आहे ते पाहा. दुसऱ्या दिवशी यादी लागली. आजीच्या भूमिकेसाठी तीन मुलींनी आपणहून नावे दिली होती.

ती माजी विद्यार्थिनी हे वाचत असेल, तर तिने महोत्सवाला अवश्य यावे. त्या वेळी तिला जे सांगायचे राहिले, ते मला तिला समक्ष सांगायचे आहे.